चार तिरप्या काठ्या

कागद हातात आला की माझी नजर अजूनही आधी त्याच्या खालच्या कडेला जाते. विजेचं बिल असो, दवाखान्याचा रिपोर्ट असो, नाहीतर नातवाचं प्रगतिपुस्तक. वर काय लिहिलंय ते नंतर. मुलगा म्हणतो, आई कागद उलटा वाचते. म्हणू दे बापडा. ही सवय मला तुकाराम उतेकरांनी लावली. ती कशी लागली ते घरात मी कधी धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला बसले की त्यात माझाही भाग येतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं करणारा आमचा कारखाना होता. मी तिथे प्रयोगशाळेत होते आणि राहायला बिरवाडीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. कारखान्यात एका बंद, गार खोलीत संगणक होता. त्याला युनिक्स म्हणत, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत कोणाला प्रवेश नसे. त्याचे चार पडदे चार ठिकाणी होते: अकाउंट्स, स्टोअर्स, माझी प्रयोगशाळा आणि प्लांटची शेड. या सगळ्याचे एकटे पुजारी म्हणजे उतेकर.

पुजारी म्हटलं की त्यांना राग यायचा. "पूजा नाही बाई, झाडलोट आहे ही," म्हणायचे. उंच, हडकुळे, पोलादपूरच्या वरच्या अंगाला कुडपणचे. मुंबईत एका मोठ्या कचेरीच्या संगणक विभागात बरीच वर्षं काढून परत आलेले. ऑफिसात बोलणं अगदी पुस्तकी, पण प्लांटमध्ये पाऊल टाकलं की कुडपण तोंडात यायचं. खिशात एकच पेन, तेही कायम डाव्या खिशात. कोणी ते मागून घेतलं आणि उजव्या खिशात परत ठेवलं, तर ते न बोलता डावीकडे हलवायचे. आम्ही मुद्दाम तसं करून बघायचो. आता त्याची लाज वाटते.

त्यांनी लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर आमचा अर्धा कारखाना चालायचा. त्याचं नाव चार्ज. मी मालाची तपासणी करून आकडे घालायचे, आणि शेडमधल्या पडद्यावरून चार्ज चालवला की तो एक कागद छापायचा. भांड्यात काय किती घालायचं, आणि मुख्य म्हणजे ॲसिड किती तासांत सोडायचं. भांडं म्हणजे शेडमधला दोन पुरुष उंचीचा रिअ‍ॅक्टर. त्यात ॲसिड सावकाश, थंड करत करत सोडावं लागे. घाई केली की आतला माल तापतो, आणि एका मर्यादेपलीकडे तापला की मग तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आमच्या भांड्याला साडेतीन-चार तास लागत. झडपेवर उभे असत ते धोंडूदाजी मोरे, उमरठचे. चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजीचा गंध नाही, पण भांड्याच्या अंगावर हात ठेवून आतली उष्णता सांगायचे.

या कागदाच्या तळाला उतेकरांनी एक ओळ छापायची सोय केली होती. हा कागद संगणकाच्या कुठल्या जागेतल्या प्रोग्रॅमने छापला, त्या जागेचा पत्ता. यूएसआर, लोकल, बिन, चार्ज. प्रत्येक शब्दाच्या आधी एक तिरपी रेघ. ही ओळ ते हातानं टंकत नसत. प्रोग्रॅम स्वतः कुठे बसलाय ते स्वतःच शोधून छापायचा. मॅनेजरसाहेबांना ती शाईची नासाडी वाटायची. उतेकर हो-हो म्हणायचे आणि ओळ तशीच राहायची.

मी एकदा विचारलं, "या पत्त्याचं करायचं काय?"

"बाई, कुडपणात पाच तुकाराम आहेत," ते म्हणाले. "वाडीत शिरून नुसती हाक मारा, तुकाराम! पहिल्या घरातला बाहेर येतो. तुम्हाला कोण हवा होता, त्याला काय माहीत? तो आपला कोयता घेऊन तुमच्या मागे चालायला लागतो. संगणकही असाच आहे. नाव सांगितलं की ठरल्या क्रमाने घरं बघतो. पहिला सापडला की तोच. पुढे बघत नाही. म्हणून मला माणूस दिसला की घर विचारावंसं वाटतं."

धोंडूदाजींना त्यांनी हे वेगळ्या तऱ्हेने शिकवलं होतं. "दाजी, वाचू नुको. खाली बघ. तिरप्या काठ्या मोज. चार काठ्या असल्या तर कागद आपला. तीन असल्या, नायतर एकपण नसली, तर झडपेला हात नाय लावायचा. मना बोलवायचं." दाजी खरंच बोट लावून काठ्या मोजायचे, रोज, आणि मग बिडी विझवून कामाला लागायचे.

मुंबईच्या हेड ऑफिसातून किंवा यंत्र विकणाऱ्या कंपनीकडून अधूनमधून टेपवर नवे प्रोग्रॅम यायचे. त्यांच्यासोबत एक मेकफाइल असायची, म्हणजे कशापासून काय तयार करायचं आणि तयार झालेलं कुठे नेऊन बसवायचं याची यादी. ती 'कुठे' आधीच भरलेली असायची. काही न बदलता हुकूम दिला की सगळं आपोआप जाऊन संगणकाच्या स्वतःच्या, मुख्य जागेत बसायचं. बहुतेक लोक तसंच करत. उतेकर कधीच नाही. ते पडद्यावर बोट ठेवून ती ओळ शोधायचे आणि म्हणायचे, "ज्याने ही वाट लिहिली त्याने महाड बघितलेलं नाही." मग वाट बदलून सगळं लोकलमध्ये घ्यायचे. मुख्य जागा यंत्राची, लोकल जागा आपली. आपलं त्यांच्यात मिसळायचं नाही, त्यांचं आपल्यावर पडू द्यायचं नाही.

त्याआधीही त्यांचा एक विधी असे. हुकमाला एक खूण जोडली की यंत्र काहीच करत नसे, फक्त काय-काय करणार ते ओळीओळीने बोलून दाखवी. उतेकर आधी ते बोलायला लावत. सगळं वाचत. कधी तासभर. मग खरा हुकूम. "आधी बोल, मग कर," हे ते यंत्राला सांगत आणि माणसांनाही. कॅन्टीनचा पोऱ्या चहा आणायला निघाला की त्यालाही थांबवायचे. "काय करणार ते आधी बोल." तो कंटाळून म्हणायचा, किटलीतून चहा आणतो. "कुठल्या किटलीतून?" त्यावर एकदा सगळी लॅब खो-खो हसली. पण हसता हसता तो पोरगा एकदम गप्प झाला. कॅन्टीनमागे दोन सारख्या किटल्या होत्या, आणि दुसरीत नळ्या धुवायचा सोडा गरम करत. उतेकरांनी त्याच दिवशी तिला लाल रंग फासला. आम्ही मात्र गंमत म्हणून ती गोष्ट महिनाभर सांगत होतो.

एका शिमग्याला त्यांनी मला आणि माझ्या यजमानांना कुडपणला नेलं. एसटी जिथवर जायची तिथून पुढे दोन तास चढण. वर पठारावर वाडी, आणि वाडीच्या कडेला त्यांचं घर. घरात फक्त आई. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिच्यासाठीच ते मुंबई सोडून आले होते, शनिवारी संध्याकाळी वर चढत आणि सोमवारी पहाटे उतरत. मधल्या दिवसांत शेजारीण बघायची. तरी म्हातारी चुलीपासून गोठ्यापर्यंत अशी वावरत होती की मला आधी कळलंच नाही. तांब्या कोनाड्यात, कोयता दाराच्या डाव्या खुंटीला, काठी उंबऱ्याच्या उजवीकडे. सगळं वर्षानुवर्षं तिथल्या तिथे.

मी मदतीला म्हणून विळी घेतली, भाजी चिरली, आणि विळी तशीच उघडी भिंतीला टेकवून हात धुवायला गेले. परत येते तो म्हातारी त्याच भिंतीच्या कडेने येत होती, अनवाणी, भराभर, विळीपासून दोन पावलांवर. उतेकर अंगणातून कसे आत आले मला माहीत नाही. त्यांनी नुसता तिचा दंड धरला, दुसऱ्या हाताने विळी मिटून फळीखाली सरकवली.

"कुनी हालवलं काय रं?" म्हातारीने विचारलं.

"नाय गो आये. कुनी नाय."

ती मान हलवून माझ्या दिशेला वळली. मी कुठे उभी आहे ते तिला बरोबर कळलं होतं. "ह्या घरात वस्तू नाय हालत गो बाय. मी हालते," ती म्हणाली. त्या दुपारभर मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

उतरताना उतेकरांनी आपणहून मुंबईची गोष्ट सांगितली. यजमान पुढे गेले होते. "तुम्हाला विळीचं वाईट वाटतंय म्हणून सांगतो," म्हणाले. तरुण असताना त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता आणि घाईने, न बघता, यंत्राच्या मुख्य जागेत टाकला होता. तिथे त्याच नावाचा यंत्राचा स्वतःचा एक बारीकसा प्रोग्रॅम आधीच होता. तो पुसला गेला. दिसायला काहीच बिघडलं नाही. पण रोज रात्रीची नक्कल टेपवर घेणारं काम त्या बारीकशा प्रोग्रॅमवर उभं होतं. पुढचे कितीतरी दिवस टेपा कोऱ्या निघत राहिल्या आणि यंत्र 'झालं, झालं' म्हणत राहिलं. एक दिवस डिस्क गेली, तेव्हा उघड झालं. टेपा लावायला परब म्हणून एक माणूस होता. त्याने टेपा लावल्याच नाहीत असं ठरलं, आणि त्याला काढलं.

"तुम्हाला कधी कळलं, तुमच्यामुळे झालं ते?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. दुपारी." ते म्हणाले. "मूग गिळून बसलो, बाई. त्याला दोन पोरी होत्या. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, उतेकर, तू तरी सांग, मी रोज टेपा लावत होतो. आणि मी कागद चाळत बसलो."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, भातं पोटरीला आली असताना, म्हातारी अंथरुणाला खिळली आणि उतेकर रजा टाकून वर गेले. जाताना संगणकाच्या खोलीच्या दारावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावून गेले: मी नसताना काही बसवू नये. बसवावंच लागलं तर आधी नुसतं बोलायला लावावं, आणि कुठली वाट लिहिलीय ते बघावं.

चौथ्या दिवशी हेड ऑफिसातून प्रधान नावाचा तरुण इंजिनिअर टेप घेऊन आला. हसतमुख, हुशार, इस्त्रीचा शर्ट. सगळ्या कारखान्यांत एकच चार्ज असावा म्हणून हेड ऑफिसने नवा करून घेतला होता. त्याने चिठ्ठी वाचली, "हे काय, सोवळंओवळं?" म्हणाला आणि मॅनेजरसाहेब मोठ्याने हसले. मी आकड्यांची वही घेऊन तिथेच उभी होते. प्रधानने मेकफाइल उघडलीसुद्धा नाही. हुकूम दिला. पडद्यावरून ओळी सरसर वर गेल्या आणि त्यात मला पत्ता दिसला. यूएसआर, बिन, चार्ज. तीन काठ्या. म्हणजे यंत्राची मुख्य जागा.

तीन वर्षं उतेकरांच्या शेजारी बसल्यामुळे मला ते कळलं होतं. तोंड उघडलं असतं तर फार तर एक टोमणा ऐकावा लागला असता. मी उघडलं नाही. साहेबांसमोर, परक्या माणसासमोर, लॅबमधल्या बाईने काय बोलायचं, असं वाटलं. इतकंच कारण होतं, आणि आज ते लिहिताना फारच लहान वाटतं.

दोन दिवस काहीच झालं नाही, कारण भांडं सफाईला बंद होतं. माझ्या पडद्यावर मी चार्ज चालवून बघितलं, तर नेहमीचा कागद आला, चार काठ्यांचा. उतेकरांचा प्रोग्रॅम जागेवर होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझा पडदा कुठल्या घरापासून शोधायला लागतो आणि शेडमधला पडदा कुठल्या, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला धोंडूदाजी स्वतः लॅबच्या दारात आले. शेडमधून ते सहसा हलत नसत. हातात कागद.

"बाई, ह्याच्यावर पत्ता नाय."

मी बघितलं. तळ कोरा होता. वर ॲसिड सोडायला वेळ दिला होता दीड तास. मी प्रधानकडे गेले. तो म्हणाला, ती ओळ नव्या नमुन्यात काढून टाकली आहे, आणि वेळेचं म्हणाल तर आपल्या मोठ्या कारखान्यात दीड तासातच होतं, तुमच्याकडे उगाच रेंगाळतात. मोठ्या कारखान्यात भांड्याला थंड करायची व्यवस्था दुप्पट होती, हे त्याला माहीत नव्हतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, आधीच दोन दिवस बुडालेत, चालू करा.

"तुका येऊ दे," दाजी म्हणाले.

"तुकासाठी कारखाना बंद ठेवू?" साहेब ओरडले. "होत नसेल तर बाजूला व्हा, दुसरा माणूस उभा करतो."

दुसरा माणूस म्हणजे ज्याला भांड्याच्या अंगावरची उष्णता कळत नाही असा कोणीतरी. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग ते शेडकडे वळले आणि मी त्यांची पाठ बघत राहिले.

कागदापेक्षा त्यांनी सावकाश सोडलं होतं, असं नंतर कळलं. हात धजत नव्हता, म्हणाले. म्हणूनच शेडमधली बाकीची माणसं वाचली. पण तेवढं सावकाशही पुरेसं नव्हतं. साडेबाराला शेडच्या छपरातून तांबूस पिवळा धूर निघाला आणि कोणीतरी ओरडलं, "भांडं उठलं!" दाजी शेवटपर्यंत झडप बंद करत होते. आतलं उसळून तोंडावर आलं. जीव वाचला, डोळे गेले. दोन्ही.

चौकशी बसली तेव्हा उतेकर खाली आले. डोकं भादरलेलं. अपघाताच्याच आठवड्यात म्हातारी गेली होती, दिवस उरकून थेट उतरले होते. हेड ऑफिसची तीन माणसं टेबलापलीकडे, प्रधान एका कडेला, पांढराफटक. साक्षीदार म्हणून मी. उतेकरांनी काय झालं ते शांतपणे सांगितलं. एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम, दोन जागा, न बघता दिलेला हुकूम. प्रधान आता सुटत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. तिथे थांबले असते तर त्यांची नोकरी गेली नसती.

"आणखी एक," ते म्हणाले. "शेडमधला पडदा मागाहून आला. तो यंत्र कंपनीच्या माणसाने जोडला. त्या पडद्याने आधी कुठे शोधायचं, मग कुठे, हा क्रम त्याने कंपनीचा होता तोच ठेवला. आधी मुख्य जागा. मी बाकी तिन्ही पडद्यांचा क्रम बदललेला आहे, आधी लोकल. या एकाचा राहिला. चार्ज तेव्हा एकच होता, म्हटलं काय फरक पडतो. जसं आलं तसं राहू दिलं. मी ते बदललं असतं तर प्रधानांनी मुख्य जागेत काहीही बसवलं असतं तरी दाजींच्या हातात चार काठ्यांचाच कागद गेला असता. ही माझी चूक आहे. लिहून घ्या."

मला वाटलं, परब टेबलाशी येऊन उभा आहे आणि यावेळी उतेकर कागद चाळत बसलेले नाहीत. मी मात्र तीन काठ्यांची ओळ डोळ्यांनी बघितली होती हे तिथेही सांगितलं नाही.

त्यांना काढलं. प्रधानला ताकीद मिळाली. दाजींच्या जागी त्यांच्या मुलाला, रमेशला, नोकरी दिली. आमच्याकडे तशी पद्धतच होती, आणि घरात दुसरं कमावतं माणूस नव्हतं. त्याच शेडमध्ये, त्याच भांड्यावर.

दिवाळी झाल्यावर मी उमरठला दाजींना भेटायला गेले. मनाची तयारी करूनच गेले होते. दारात पाय ठेवला तर आत उतेकर. हातात हातोडी. भिंतीत खुंटी ठोकत होते.

"ही काठीची. दाराच्या उजवीकडे," ते सांगत होते. "हात घाल, दाजी. नाय, आधी बोल. काय करनार?"

"काठी घेनार," दाजी म्हणाले.

"कुठली?"

"दाराच्या उजव्या खुंटीची."

"आता घे."

दाजींचा हात हवेत थोडा चाचपडला, मग काठीवर पडला. ते हसले. चेहऱ्याची अर्धी कातडी ओढलेली, त्यामुळे हसूही अर्धंच आलं. कोनाड्यात तांब्या, फळीखाली मिटलेली विळी. कुडपणचं अख्खं घर त्यांनी तिथे उतरवून आणलं होतं. आठवड्यातून दोनदा डोंगर उतरून येतात, असं दाजींच्या मंडळींनी सांगितलं.

मी बसले, पाणी प्याले, तांब्या जपून कोनाड्यात ठेवला. मग दाजींनी विचारलं, "बाई, आमच्या रमेशच्या कागदावर पत्ता येतो काय?"

"येतो," मी म्हणाले. "चार काठ्या."

"मग बरं हाय," दाजी म्हणाले. "मी त्याला सांगून ठेवलंय, चार मोजल्याबिगर हात नाय लावायचा."

उतेकरांची हातोडी थांबली होती. "चार?" त्यांनी मला विचारलं, ऑफिसातल्या भाषेत, अगदी हळू. "माझी लोकलमधली जागा तर मला काढलं त्याच आठवड्यात त्यांनी पुसून टाकली ना? दोन जागांचा घोळ नको म्हणून?"

हो. पुसली होती. आणि माझ्यासमोर प्रधान म्हणाला होता, कामगार त्या ओळीसाठी अडून बसलेत, मग देऊन टाकू, नुसतं छापायचंच तर आहे. प्रोग्रॅम आता स्वतःची जागा शोधत नव्हता. कुठलाही असो, कुठेही बसलेला असो, तळाला तीच ओळ टाकत होता. जिथे आता घरच नव्हतं तिथला पत्ता. वेळ तेवढी अपघातानंतर पुन्हा चार तासांवर आणली होती, पण दर महिन्याला नवी टेप येत होती.

"नुसती छापतात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण दाजींना आला.

"म्हंजे काय रं तुका?"

उतेकरांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे बघितलं ते मला पुन्हा बघायचं नाही. मग ते दाजींसमोर उकिडवे बसले.

"दाजी, त्या काठ्या खोट्या हायत. त्यांच्यावर नुको जाऊ."

"आन आमचा पोर काठ्या मोजून झडप उघडतोय?"

बाहेर कोणीतरी गुरं हाकत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला मी कारखान्यात गेले तर उतेकर फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभे. काखेत छत्री. प्रत्येक कामगाराला थांबवून एकच सांगत होते, "काठ्या मोजू नुको. वेळ बघ. तीन तासाच्या आत सांगितलं तर झडपेला हात नाय लावायचा." वॉचमनने हटकलं, तसे चार पावलं मागे सरकले आणि पुन्हा तेच. साहेबांनी पोलिसात द्यायची धमकी दिली. ते ऐकून घेत आणि उभे राहत. काही कामगार वेडा झालाय म्हणायचे. रमेश मान खाली घालून ऐकायचा आणि आत जायचा. असे किती दिवस गेले मी मोजले नाहीत. रोज सकाळी ते दिसले की मला धीर यायचा.

मग एक दिवस रमेश लॅबच्या दारात आला, बाप आला होता तिथेच. हातात कागद. तळाला चार काठ्या, ठसठशीत. वर वेळ: एक तास चाळीस मिनिटं. आदल्या दिवशीच नवी टेप बसवली होती.

"बाई, मी नाय उघडनार," तो म्हणाला. "काका बोल्ले तसं. मी नाय उघडनार."

मी कागद घेतला आणि त्याच्याबरोबर साहेबांच्या खोलीत गेले. त्या दिवशी मी बोलले. तीन काठ्यांची ओळ मी बघितली होती इथपासून सगळं बोलले. साहेब लालबुंद झाले, टेबलावर हात आपटला, पण भांड्याला हात लावायला कोणी पुढे येईना. झडप बंदच राहिली.

मी तशीच फाटकाशी गेले. उतेकर पलीकडे उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या डोक्यावरून शेडच्या छपराकडे बघत होते.

"झडप बंद आहे!" मी ओरडून सांगितलं. "रमेशने उघडली नाही!"

त्यांनी मान हलवली. पेन चुकून उजव्या खिशात होतं, ते काढून डावीकडे ठेवलं.

"आजच्यापुरती. उद्यापासून वेळ तुम्ही बघा," ते म्हणाले.

मग ते पोलादपूरच्या दिशेने चालू लागले. मी त्यांना पाहिलं ते तेव्हाचं शेवटचं.